जर्मनीत मास्टर्स : स्टुटगार्ट की ब्राउनश्वाइग?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल केलंय, दोन वर्षं चाकणला नोकरी. हिवाळी सत्रासाठी दोन प्रवेशपत्रं आलीत : स्टुटगार्ट विद्यापीठ आणि टीयू (तांत्रिक विद्यापीठ) ब्राउनश्वाइग. दोन्ही कोर्स सिम्युलेशनचे, इंग्रजीतून. एपीएस, म्हणजे पदवी तपासल्याचा दाखला, हातात आहे; ब्लॉक्ड अकाउंटच्या (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरोंची जुळवाजुळव बाबा करतायत. कुठे जाऊ? आणि जर्मन भाषेच्या ए१ या पहिल्या पातळीवर भागेल का?

थंडगार_पुणेकर :
आधी हिशोब. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये येतं. तिथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. चार सेमिस्टरचे सहा हजार. ब्राउनश्वाइगला नुसतं सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क. त्यात ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच सुटतात आणि स्टुटगार्टचं खोलीभाडं त्यातला मोठा घास घेतं. माझं मत ब्राउनश्वाइग.

लोकलचा_डबा :
असहमत. स्टुटगार्टला बॉश, मर्सिडीज, पोर्शे दारात आहेत. वर्किंग स्टुडंट म्हणून आठवड्याला २० तास मिळाले तर फी निघते.

थंडगार_पुणेकर :
"मिळाले तर" हीच मेख आहे ना! आणि ब्राउनश्वाइगलाही शेजारी वुल्फ्सबुर्ग आहे, फोक्सवॅगनचं माहेर. कुठेही गेलात तरी मुलाखतीत जर्मन विचारतात. कोर्स इंग्रजीत असला तरी बेकरीवाली, घरमालक आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीतला माणूस इंग्रजीत नसतो. ए१ वर पाव मिळतो, नोकरी नाही. निघायच्या आत ए२ उरका, तिथे बी१.

आजीची_गोधडी :
ताई, खोलीचं आजच बघ. श्टुडिएरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) वसतिगृहाला अर्ज टाक, तिथली प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटाएवढी असते. खाजगी खोली घेतलीस तर न बघता डिपॉझिट पाठवू नकोस. आणि "इथे पत्त्याची नोंद करता येईल ना?" हे आधी विचार. नोंदीला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं.

आता माझी फजिती. विषयाच्या तासांना नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही गेलं, असं मी धरून चालले होते. फेब्रुवारीत पेपरला जाऊन बसले. ओळखपत्र टेबलाच्या कोपऱ्यात, शेजारी दोन पेनं. पर्यवेक्षकबाईंचं बोट यादीवरून खाली आलं, पुन्हा वर गेलं. "लायडर निश्ट", म्हणजे "दुर्दैवाने नाही." नाव नव्हतंच. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते आणि तिची मुदत कधीच उलटली होती. बाईंचं काही चुकलं नाही, पण मी बाहेर येऊन बर्फात सॅकवर बसून रडले. दुसरी बाजूही ऐक : नोंदणी केलीस आणि अभ्यास झाला नाही, तर मुदतीत नाव काढून घे. बहुतेक ठिकाणी सक्तीच्या विषयात तीनदा नापास झालं की तो कोर्स संपला, आणि तोच अभ्यासक्रम मग जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. केटीवर केटी काढत बसायची आपली सवय इथेच ठेवून जा.

लोकलचा_डबा :
हे मात्र शंभर टक्के. आणि निकाल बघून घाबरू नका, तिथे १.० सर्वात भारी, ४.० काठावर पास.

कृष्णाकाठ :
बाबांना सहा हजारांचा आकडा दाखवला, त्यांचं मत लगेच ठरलं. माझंही. ब्राउनश्वाइगच्या वसतिगृहाचा अर्ज आत्ताच भरला, ए२ ची बॅच सोमवारपासून. आजी, ती परीक्षा नोंदणीची तारीख कुठे दिसते?

आजीची_गोधडी :
परीक्षा विभागाच्या पानावर, बहुधा जर्मनमध्ये. "आनमेल्डुंग" (नोंदणी) शब्द शोध. आणि आजी नको गं, एकोणतीस वर्षांची आहे मी.