गाठीतली आम्लता आणि ऑटोफॅजी: रोखायची की नाही?

शंकेखोर: निरोगी ऊतीत पेशींबाहेरचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४ च्या आसपास असतो. कर्करोगाच्या गाठीत तो बरेचदा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. कर्कपेशी ग्लुकोज अर्धवट वापरून आम्ल बाहेर टाकतात, आणि गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांना ते वाहून नेणं झेपत नाही. एवढ्या आम्लात त्या स्वतः जगतात कशा? स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आम्लधर्मी द्रवात वाढवल्या तेव्हा त्यांच्यात ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच जुने भाग पचवून पुन्हा वापरणं) वाढली, आणि वाढलेलीच राहिली. त्यासाठी लागणारं एटीजी५ जनुक दाबलं, तर आम्लात तग धरणं त्यांना जड गेलं. माझं मत: ऑटोफॅजीतून मिळणारा हा शिधा तोडा. ऑटोफॅजी रोखणारं मलेरियाचं औषध क्लोरोक्वीन आहेच की हाताशी.

जुना लायसोसोम: घाई होतेय. क्लोरोक्वीन हा सौम्य अल्क. बाहेर आम्ल असलं की त्याच्या रेणूंना प्रोटॉन (आम्लातले धनभारित कण) चिकटतात, ते विद्युतभारित होतात आणि पेशीपटल ओलांडू शकत नाहीत. म्हणजे ऑटोफॅजीवर भिस्त असलेल्या त्या आम्लधर्मी कोपऱ्यातच औषध दाराबाहेर उभं!

शंकेखोर: हा औषधाचा दोष, कल्पनेचा नव्हे.

उंदीरमित्र: कल्पनेतही खोट आहे. बेक्लिन १ या ऑटोफॅजीच्या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत असलेल्या उंदरांना गाठी जास्त होतात. खराब मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) साफ करणारी ही ऑटोफॅजीची यंत्रणा आधी राखणदार असते, गाठ जमली की तिचीच चाकर होते. सरसकट बंद केली तर निरोगी पेशींचं काय?

शंकेखोर: पटलं, पण अर्धंच. माझा प्रश्न गाठ झाल्यानंतरचा आहे. तिथे राखणदार फितूर झालेला आहे.

जुना लायसोसोम: मग शिध्याऐवजी आम्लावरच घाव घाला ना. उंदरांना पाण्यातून बायकार्बोनेट (खायचा सोडा) दिलं, तर गाठीतली आम्लता घटली आणि ऑटोफॅजीची खूण असलेलं एलसी३ हे प्रथिनही कमी झालं.

उंदीरमित्र: आता ‘सोडा प्या, अल्कधर्मी आहार घ्या’वाले येतील. आधीच सांगतो: रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. जेवण बदलून गाठीचा पीएच हलत नाही. उंदरांना दिलेला डोस माणसाच्या वजनाच्या हिशोबाने काढून बघा, रोज कोण पिणार तेवढं?

शंकेखोर: ठीक, सोडा बाद. पण आम्लातही आत शिरेल असा रेणू मिळाला, तर तुमचा विरोध टिकतो का? तेवढं सांगा.

उंदीरमित्र: टिकतो, थोडा मवाळ होऊन. आधी तो रेणू गाठीतच थांबतो हे दाखवा.