मदत हवी आहे: कोलोरॅडोतली शॉटगन न्यू जर्सीत चालेल का?

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे पुढच्या महिन्यात डेन्व्हरहून एडिसनला मुक्काम हलवतोय. सामानात माझी बारा बोरची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन आहे, बदकांच्या शिकारीसाठी घेतलेली. नळीखालच्या ट्यूबमध्ये ७ काडतुसं बसतात.

कोलोरॅडोत प्रश्नच नव्हता. तिथला २०१३चा कायदा अशा ट्यूबमधली काडतुसं मोजत नाही, त्यांची एकूण लांबी मोजतो: २८ इंचांपर्यंत चालतं. म्हणजे पावणेतीन इंची काडतुसं १० बसली तरी गुन्हा नाही. (कायदा करणाऱ्याने फूटपट्टी घेतली, हे मला अजून गमतीचं वाटतं.)

न्यू जर्सीत मात्र संख्या मोजतात. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचं मॅगझिन (माझ्या बंदुकीत ती ट्यूबच) ६ पेक्षा जास्त काडतुसांचं असेल तर ती थेट ‘असॉल्ट फायरआर्म’, म्हणजे बंदी असलेलं हत्यार. माझं घोडं नेमकं एका काडतुसावर अडलंय!

बदकांसाठी, काडतुसं कमी बसावीत म्हणून, ट्यूबमध्ये लाकडी दांडी घातलेली आहेच. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीला सगळ्या अमेरिकेत चेंबरमधलं (नळीत झाडायला तयार असलेलं) धरून ३ काडतुसांचीच मुभा, आणि दांडी बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये. पण ती शिकारीची अट झाली. न्यू जर्सी ही दांडी मानेल, की ट्यूब कायमची आखूड करून घ्यावी लागेल? आणि पावणेदोन इंची छोटी काडतुसं वापरली तर आकडा वाढतो, मग क्षमता कुठल्या काडतुसावरून ठरवतात?

तिकडे कुणी बंदूक घेऊन राहायला गेलंय का? या विषयातला वकील ठाऊक असेल तर मेसेज करा. ‘काही होत नाही रे’ असं सांगणारे दोन मित्र आधीच आहेत.