मदत हवी आहे: एआय म्हणतं टीबी, डॉक्टर म्हणतात जुना डाग. वडिलांना गोळ्या सुरू करायच्या का?

वाट_पाहतोय | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात गावात एक्स-रेची गाडी आली होती. आण्णांच्या छातीचा एक्स-रे काढला आणि तिथल्या तिथे कॉम्प्युटरने रिपोर्ट दिला: 'टीबी संशयित', स्कोअर ०.६१. थुंकी तपासली, ती निगेटिव्ह. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, म्हणाले जुना डाग आहे, काही नाही, घरी जा. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे बघून सांगितलं, वाट बघू नका, टीबीच्या गोळ्या सुरू करा, फरक पडला तर टीबीच.

मशीनचं खरं मानायचं की डॉक्टरांचं? आणि डॉक्टरांचं तर कोणत्या? ०.६१ म्हणजे ६१ टक्के टीबी असं धरायचं का? मी पुण्यात नोकरीला आहे, गावाकडे जायला दोनच दिवस रजा मिळाली आहे. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा, मला उद्या ठरवायचंय.

रेणुका_जी | रात्री ११:३०

वय किती? खोकला किती दिवसांचा? ताप, वजन, रात्रीचा घाम? पूर्वी कधी टीबी झाला होता का? शुगर आहे का? यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या स्कोअरवर कोण काय सांगणार?

वाट_पाहतोय | रात्री ११:४१

वय ६३. खोकला आहे, पण तो वर्षानुवर्षांचा आहे, बिडी ओढायचे. वजन उतरलंय असं आई म्हणते. टीबी झाल्याचं कुणाला आठवत नाही. शुगर तपासलेली नाही. माझा प्रश्न स्कोअरबद्दल आहे.

कोडवाला_नाशिक | रात्री ११:५८

स्कोअरबद्दल मी सांगतो, चित्रं ओळखणाऱ्या प्रणालींवर माझं रोजचं काम चालतं. ०.६१ म्हणजे ६१ टक्के टीबी नाही. ज्या हजारो एक्स-रेंवर ते सॉफ्टवेअर शिकलं, त्यातल्या टीबीवाल्यांशी हा एक्स-रे किती जुळतो त्याचा तो आकडा आहे. 'संशयित' कुठून पुढे म्हणायचं हे मोहीम चालवणारे ठरवतात. उंबरठा ०.५ ठेवला असेल तर आण्णा त्याच्या वर गेले, ०.७ ठेवला असता तर हेच आण्णा 'ठीक' म्हणून घरी आले असते. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर याच एक्स-रेला वेगळा आकडा येईल. त्यामुळे आकड्याला घाबरू नका.

मात्र मशीनला मोडीतही काढू नका. १५ वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचला तरी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच सांगितलंय. ढाक्यात अशा ५ सॉफ्टवेअरची सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेंवर तुलना झाली होती आणि ती तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांपेक्षा, सरस ठरली. तालुक्याच्या डॉक्टरांपेक्षा मी तरी मशीनवर जास्त विश्वास ठेवेन.

जुना_मिरजकर | मंगळवार, सकाळी ६:२०

कोडवाले, त्याच अभ्यासात वयस्कर माणसं आणि ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय अशा लोकांमध्ये सगळीच सॉफ्टवेअर कमी पडली, ते का लिहिलं नाहीत? इथे पेशंट ६३ वर्षांचा आहे.

मी ३४ वर्षं एक्स-रे काढले. वाट_पाहतोय, मला एवढं सांगा, आण्णांनी श्वास पूर्ण भरून रोखला होता का? हातातल्या मशीनवर घाईत काढलेल्या एक्स-रेत अर्धवट श्वास असला की छातीचा खालचा भाग उगाच पांढरट दिसतो. खांदे पुढे घेतले नाहीत तर खांद्याची हाडं फुप्फुसावर येतात. आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी नक्की काय बघितलं? खरी फिल्म, की कागदावरची छपाई, की मोबाईलमधला फोटो? कागदावरच्या छपाईवर बारीक ठिपके दिसतच नाहीत.

वाट_पाहतोय | सकाळी ७:०५

फोटो होता. आशाताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. दोन्ही डॉक्टरांनी फोटोच बघितला.

सगळं_सोपं | सकाळी ७:३१

इतकं डोकं कशाला शिणवता? तो फोटो चॅटजीपीटीत टाका आणि मराठीत विचारा. माझ्या सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट मी असेच समजून घेते, आमच्या डॉक्टरांना समजावून सांगायला दोन मिनिटंसुद्धा नसतात.

कोडवाला_नाशिक | सकाळी ७:५०

ताई, रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे समजावून घेणं वेगळं आणि एक्स-रे वाचून घेणं वेगळं. गाडीतलं सॉफ्टवेअर फक्त छातीचे एक्स-रे शिकलेलं असतं आणि मशीनमधून आलेली मूळ फाइल वाचतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत त्या फोटोचे तपशील दाबले गेलेले असतात. गप्पा मारणारं एआय त्यावरही ठामपणे दोन परिच्छेद लिहून देईल आणि ते पटेलही, भीती त्याचीच आहे. कृपया हा सल्ला देऊ नका.

सगळं_सोपं | सकाळी ८:०२

रात्री अकरा वाजता माझ्या प्रश्नाला उत्तर देणारा दुसरा कोण आहे ते सांगा. सगळ्यांच्या घरात डॉक्टर नसतात. मी त्यावर औषध ठरवत नाही, डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवते. तो उपयोग खोटा नाही.

प्रज्ञा_माल्मो | दुपारी १२:४४

थोडं वेगळं लिहिते. इथे स्वीडनमध्ये स्तनांच्या तपासणीचे एक्स-रे पूर्वी दोन रेडिओलॉजिस्ट वाचायचे. एआयच्या मदतीने वाचून बघायचा मोठा प्रयोग इथे झाला. ८० हजार बायकांचे निकाल २०२३ मध्ये आले तेव्हा रेडिओलॉजिस्टचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं होतं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. तरी शेवटी माणूस बघतोच. माझी स्वतःची तपासणी इथेच होते, म्हणून मला हे जवळचं वाटतं. मशीन आणि डॉक्टर असं भांडण लावायचं कारण नाही.

जुना_मिरजकर | दुपारी १:१५

प्रज्ञाताई, भांडण आम्ही लावत नाही. एआयमधले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता थांबवा. त्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रेडिओलॉजिस्ट मात्र अजून कमीच पडतायत. माझी काळजी दुसरी आहे. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एआयची सवय लागली आणि मग एआयशिवाय त्यांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. २०२५ मधला अभ्यास आहे. आमच्या वेळी साहेब एक्स-रे खिडकीशी धरून आम्हाला विचारायचे, काय दिसतंय? तसं शिकवणारं आणि शिकणारं पुढे कोण राहणार?

कोडवाला_नाशिक | दुपारी १:३०

जिथे रेडिओलॉजिस्ट कधी पोचलाच नाही तिथे कौशल्य घटणार कुणाचं? बीडच्या एखाद्या वाडीत गाडी जाते आणि पाच मिनिटांत सांगते की या माणसाकडे लक्ष द्या. हे काम आजपर्यंत कुणीच करत नव्हतं.

क्षयसेवक | दुपारी २:१८

मी टीबी कार्यक्रमात काम करतो, रोज हेच बघतो, म्हणून लिहितो. वाट_पाहतोय, तुम्ही लिहिलंय 'थुंकी तपासली'. थुंकी दिली की बेडका? नमुना सकाळचा होता की गाडीजवळ उभं राहून दिला? आणि तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली की सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर?

सगळं अडलंय ते इथे, स्कोअरवर नाही. गाडीचं काम फक्त बोट दाखवायचं असतं. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं, त्यात एक्स-रे काढला नसता तर ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. म्हणून २०२४ च्या डिसेंबरपासून मोहिमेत गाड्या फिरायला लागल्या. पण बोट दाखवल्यावर पुढे बेडका नीट तपासला गेला नाही तर त्या बोटाचा उपयोग काय?

सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार जंतू लागतात. सीबीनॅटला सव्वाशेच्या आसपास पुरतात, दोनेक तासांत निकाल येतो आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीचं, छोटं, बॅटरीवर चालणारं. सरकारी टीबी युनिटमध्ये हे मोफत होतं. लाळ दिली तर मात्र चांगल्यातलं चांगलं मशीनही टीबी असताना निगेटिव्ह सांगू शकतं.

वाट_पाहतोय | दुपारी ३:५०

आत्ता फोन करून विचारलं. आण्णा म्हणाले, डबी दिली, त्यात थुंकलो. गाडीजवळच, दुपारी. म्हणजे लाळच. चिठ्ठीवर 'मायक्रोस्कोपी' लिहिलंय. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक राहिलं. घरात वहिनीचं ५ महिन्यांचं बाळ आहे, आण्णांच्याच खोलीत झोपतं. म्हणून मी घाई करतोय.

क्षयसेवक | दुपारी ४:१०

बाळाचं आधी लिहायला हवं होतं हो. आजपासून आण्णांची झोप वेगळ्या खोलीत किंवा ओसरीवर, खिडक्या उघड्या, तोंडाला रुमाल. निदान होईपर्यंत एवढं कराच. टीबी निघालाच तर बाळाला तपासून प्रतिबंधक औषध देतात, तेव्हा बाळाची गोष्ट तिथे आपणहून सांगा.

नमुना असा द्या: उद्या उठल्याबरोबर, काही खायच्या आधी, चूळ भरून, मोकळ्या हवेत. दोनतीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. घट्ट, चिकट आला पाहिजे. तो डबीत घेऊन थेट टीबी युनिटला.

मायेचा_हात | सायंकाळी ५:०२

टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. आण्णांचं बँक खातं आधारशी जोडलंय का ते आजच बघा, आमच्या भाचीचे पैसे त्यावरूनच अडले होते. रोज दोन अंडी, शेंगदाण्याचा लाडू, डाळ चालू करा. बिडी बंद.

वाट_पाहतोय | सायंकाळी ५:१५

ताई, पैशांचं विचारलं नव्हतं. पण खातं बघतो. अजून कुणीच सांगितलं नाही, गोळ्या सुरू करायच्या की नाही?

रेणुका_जी | सायंकाळी ५:४०

एक विचारू? आण्णांनी आयुष्यभर काम काय केलं?

वाट_पाहतोय | सायंकाळी ५:४८

आता शेती. आधी वाघोलीला खडी क्रशरवर होते, १९ वर्षं. का?

छातीरोग_वाचक | रात्री ९:२५

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करणार नाही, पण रेणुकाताईंनी विचारलं तेच सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. खडीची धूळ १९ वर्षं छातीत गेली असेल तर सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, विचार करावाच लागतो. त्यातही फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसतात, टीबीच्या जागीच. टीबीसाठी शिकवलेलं सॉफ्टवेअर त्याला 'संशयित' म्हणू शकतं. आणि काम माहीत नसलेला डॉक्टर त्याच फोटोला 'जुना डाग' म्हणू शकतो. गाडीतल्या मशीनला ही माहिती मिळत नाही, ते फक्त चित्र बघतं. विचारायचं काम माणसाचं होतं, ते कुणी केलं नाही.

याचा अर्थ टीबी नाही असा अजिबात धरू नका. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. दोन्ही एकत्र असू शकतात.

गोळ्यांचं: 'देऊन बघू, फरक पडला तर टीबी' यावर जाऊ नका. रिफाम्पिसिन इतर जंतूंनाही मारतं, साध्या संसर्गातही बरं वाटू शकतं आणि मग ६ महिने भलताच उपचार चालतो. ६३ व्या वर्षी यकृतावर ताण येतो, एथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच दुसऱ्या औषधाने नजरेवर परिणाम होऊ शकतो. बेडका निगेटिव्ह असतानाही टीबीचे उपचार सुरू करावे लागतात, अशी वेळ येते, पण ती सगळं तपासून झाल्यावर. आधी सीबीनॅट, त्याच नमुन्याचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात, त्याला ६ आठवडे लागू शकतात), शुगर, आणि गरज पडली तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या. आणि कागदावर कामाचा इतिहास लिहून न्या: कुठे, किती वर्षं, तोंडाला काही बांधायचे का.

कोडवाला_नाशिक | रात्री ९:५०

मी काल 'मशीनवर जास्त विश्वास' असं लिहिलं ते मागे घेतो. क्रशरचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

जुना_मिरजकर | रात्री १०:०५

सिलिकोसिस कायद्याच्या यादीतला आजार आहे, डॉक्टरांनी त्याची नोंद कळवायची असते. निघाला तर लेखी घ्या. क्रशरवरचा कामाचा एखादा कागद आहे का घरात?

वाट_पाहतोय | शुक्रवार, सायंकाळी ७:३०

उशिरा लिहितोय, माफ करा. रजा एक दिवस वाढवून घेतली. बुधवारी सकाळी बेडका दिला, या वेळी खरा. सीबीनॅट निगेटिव्ह आलं. कल्चरला पाठवलाय. शुगर २१०, हे नवीनच कळलं. सोमवारी जिल्ह्याला एचआरसीटी आहे. गोळ्या सुरू केलेल्या नाहीत. आण्णा ओसरीवर झोपतात, बाळ आईजवळ.

तिथल्या मॅडमनी कामाचं विचारल्यावर आण्णा स्वतःच बोलायला लागले. पाण्याचा फवारा नव्हता, तोंडाला उपरणं बांधायचे, संध्याकाळी थुंकलं की पांढरं पडायचं. त्यांच्या टोळीतले तिघं पन्नाशीच्या आत खोकून गेले. इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. कागद काहीच नाही, हजेरी मुकादमाच्या वहीत लागायची.

क्षयसेवक | शुक्रवार, रात्री ८:१२

सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी कल्चरची तारीख चुकवू नका. आणि त्या टोळीतले जे हयात आहेत त्यांची नावं आणि गावं आण्णांकडून लिहून घ्या. आशाताईंकडे द्या. गाडी परत त्या भागात जाईल तेव्हा त्यांचा एक्स-रे काढायला सांगतो, आणि या वेळी फॉर्मवर 'क्रशर' लिहायला लावतो.