अमेरिकन कॉलेज फुटबॉल: क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) जोखायचा तर पास किती लांब टाकतो ते बघा

पॉकेटवाला:
२०२३ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला. दुसरा वॉशिंग्टनचा मायकेल पेनिक्स, तिसरा ओरेगनचा बो निक्स. निक्सचे ४७० पैकी ३६४ पास पूर्ण, ७७.४ टक्के, तेव्हाचा विक्रम. पेनिक्सचे ५५५ पैकी ३६३, म्हणजे ६५.४. पण निक्सचे आखूड पास पाहिलेला कुणी त्याला पेनिक्सहून अचूक म्हणेल का? स्क्रिमेज रेषेपुढे (जिथून डाव सुरू होतो ती रेषा) चेंडू हवेतून सरासरी किती यार्ड गेला ते आधी बघा, टक्केवारी मागाहून.

हॅशमार्क:
असहमत. समजा ३० पासांची सरासरी ११ यार्ड आहे. कोचने त्यात रेषेच्या २ यार्ड मागे १० स्क्रीन (रेषेमागेच दिलेले आखूड पास) मागवले की ती ७.७५ वर येते. हात तोच, बदलली फक्त प्ले-शीट, म्हणजे कोचची डावांची यादी. कोच माइक लीचच्या मिसिसिपी स्टेटकडून विल रॉजर्सने २०२१ मध्ये ६८३ पास टाकले, ७३.९ टक्के पूर्ण, पण दर पासामागे कमावले जेमतेम ६.९ यार्ड. तिथे रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) दिलेला आखूड पास हाच धावण्याचा डाव होता. दोष रॉजर्सचा कसा?

पॉकेटवाला:
मग स्क्रीन वगळा. मैदानाबाहेर भिरकावलेले, घड्याळ थांबवायला जमिनीवर आपटलेले (स्पाइक), समोरच्या लाइनमनच्या हाताला लागून उडालेले पासही वगळा. उरलेल्यांचे गट करा: ०-९ यार्ड, १०-१९, २० च्या पुढे. तुलना गटागटातच.

तिसरा डाउन:
मोजणीतच खोट आहे राव. पासाची खोली, म्हणजे रेषेपुढचं अंतर, सरळ मोजतात, आडवं अंतर कुणी धरत नाही. हॅश म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन उभ्या ओळी, डाव त्यांच्यावर किंवा त्यांच्यामधून सुरू होतो. कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फूट, व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये साडेअठरा. डाव्या हॅशवरून उजव्या कडेला १५ यार्डांचा आउट (कडेकडे वळणाऱ्याला दिलेला पास) घ्या. क्वार्टरबॅक ७ यार्ड मागे, आडवे साधारण ३०. चेंडू हवेत ३७ यार्ड जातो आणि नोंद होते १५ ची! समोर सरळ रेषेत (सीमवर) टाकलेला २५ चा पास ३२ मध्येच भागतो. मग हाताची ताकद कुठे जास्त लागली?

हॅशमार्क:
+१. शिवाय लांबच्या पासाला वेळ लागतो, त्यात सॅक होतात (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला रेषेमागे पाडतात). कॉलेजात सॅकचे यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, म्हणजे लांब टाकण्याची किंमत पासच्या रकान्यात दिसतच नाही.

पॉकेटवाला:
सॅकचं मान्य, ते पासच्या हिशेबात आणायलाच हवेत. आडव्या अंतराचंही पटलं, पण त्याने आउट टाकणाऱ्याचं मोल वाढतं, स्क्रीनवाल्याचं नाही. आणि तिसऱ्या डाउनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ८ यार्ड हवे असताना ३ वर टाकलेला पास पूर्ण झाला तरी पुढे बहुधा पंटच, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्यांना देणं. तिथे खोली पहिल्या डाउनच्या खुणेपासून (नवे चार प्रयत्न मिळवायला जिथे पोचावं लागतं) मोजा.

तिसरा डाउन:
आणि डॅनियल्सचं काय करणार? त्या मोसमात ३२७ पास, दर पासामागे ११.७ यार्ड, वर १,१३४ यार्ड धावून. पुढे कुणी मोकळा नसला की तो पळायचा, तो पास मोजणीत येतच नाही. निक्सने तिथे चेक-डाउन (जवळच्या मोकळ्या खेळाडूला आखूड पास) दिला की त्याची सरासरी खाली.