घोडीची चंदी (दाणा) किती अन चारा किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, शहादा तालुक्यातून लिहितोय. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून काठियावाडी घोडी घेतली, पाच वर्षांची, वजन अंदाजे साडेतीनशे किलो. आमच्या घरी कायम बैल अन म्हशी, घोडं पहिल्यांदाच दारात आलंय.

चौथ्या दिवशी घात झाला. सगळे म्हणाले घोड्याला हरभरा पाहिजे, म्हणून मी भिजवलेला हरभरा आणि मक्याचा भरडा मिळून तीन किलो एकदम तोबऱ्यात भरला, तिने चाटूनपुसून खाल्ला, अन रात्री अकराला बघतो तर पुढच्या पायाने जमीन खरडतेय, वळून वळून कुशीकडे बघतेय, लीद बंद. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. पहाटे लीदीचे चार गोळे पडले तेव्हा आईने तिथेच हात जोडले. डॉक्टर म्हणाले घोड्याला उलटी होत नाही, जठर लहान असतं, चुकीला माफी नाही.

आता हात घाबरतो. घरी दादर ज्वारीचा कडबा भरपूर आहे, बांधावर लसूणघास आहे. म्हशीची गोळीपेंड चालेल का? दिवसाचं माप कोणी सांगेल का?

उत्तर : भाऊ, आधी चारा मग चंदी. तिच्या वजनाला दिवसाला 6-7 किलो सुका चारा, चार-पाच वेळा थोडा थोडा, गव्हाण फार वेळ रिकामी ठेवू नका. लसूणघास त्यातच थोडी मिसळा. काम नसेल तर चंदी किलोभर पुरे, तीही दोन-तीन वेळात, अन काहीही नवीन आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं. म्हशीची गोळीपेंड अजिबात नको, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला विष आहे. बुरशी लागलेला मका आणि कोवळी हिरवी ज्वारी पण नको. पाणी कायम समोर, खडेमीठ चाटायला ठेवा.

मूळ लेखक : लई आभार दादा. गोळीपेंडीची गोणी आजच म्हशींच्या गोठ्यात हलवली. पण ही अख्खा कडबा पायाखाली तुडवते, पानं खाते अन धांडे टाकते. कुट्टी करून दिली तर बारीक किती करू? फार बारीक झाली तर चावत नाही अन पोटात गोळा होतो असं आबा म्हणतात, ते खरं का?