हळदीकुंकवाला गॅस न पेटवता फळं-चीजच्या काड्या: चार ते सात टिकतील अशा कशा करायच्या?

मुक्ता_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी घरी हळदीकुंकू आहे. बायका तीसेक, त्यांच्याबरोबर दहाएक मुलं. वेळ चार ते सात, म्हणजे सगळ्या एकदम येणार नाहीत, दोघी-चौघी करत येत राहतील. तिळगूळ आणि वाण आहेच, त्याच्याजोडीला बशीत एक-एक फळं-चीजची काडी द्यायची आहे. त्या दिवशी शिजवणं-तळणं अजिबात नको असं ठरलंय.
काडी आधी ओवून ठेवली की खाली पाणी साचतं, चीज बुळबुळीत होतं, सफरचंद लाल पडतं. मग फळं कुठली घ्यावीत, किती आणायची, कधी चिरायची? अननस चालेल का? चीजऐवजी पनीर? पाहुण्यांत काही जैन आहेत, काही अगदी कडक शाकाहारी, त्यांना चीज चालतं का? आणि बेळगावात आहोत तर काडीला कुंदा (इथली दुधाची मिठाई) लावता येईल का, असं सासूबाई विचारतायत.

वडगाव_सुगरण
ताई, चाळीस माणसांना साठ काड्या धरा. काही मुलं दुसरी मागतात, काही काड्या ओवताना वाया जातात.
जानेवारीअखेर हाताशी असतात ती फळं म्हणजे द्राक्षं, पेरू आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तेवढी तीनच घ्या. काडीवर फळांचे प्रकार वाढले की रस सुटण्याच्या जागा वाढतात.
टोकाकडून क्रम असा: स्ट्रॉबेरी, द्राक्ष, चीज, पेरू, चीज, द्राक्ष. सगळ्यांत ओली स्ट्रॉबेरी, म्हणून ती टोकाला, आणि तिच्या व चीजच्या मध्ये सालीचं द्राक्ष. स्ट्रॉबेरी चीजला लागली की अर्ध्या तासात चीज गुलाबी होतं. पेरू कोरडा असतो, तो चीजच्या शेजारी निर्धास्त ठेवा.
साठ काड्यांना चीजचे १२० तुकडे लागतात. २०० ग्रॅमच्या पाकिटात २५ ग्रॅमच्या ८ वड्या येतात. एका वडीचे चार तुकडे केले तर ४ पाकिटांत १२८ होतात, म्हणजे मोडतोडीला आठ शिल्लक. द्राक्षं १२० लागतील, किलोभर आणा आणि घट्ट, एकसारखी तेवढी वेचा. स्ट्रॉबेरी लहान आकाराची, साधारण किलोभर. मोठी घेऊन अर्धी कापलीत तर कापलेल्या बाजूने रस गळतच राहतो. पेरू सात-आठ मोठे, साधारण दीड किलो, अंगठ्याने दाबले तर न दबणारे. मधला बियांचा गर काढून टाका, फक्त बाजूच्या जाड गराचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. बियांच्या गरात काडी धरत नाही, तुकडा गोल फिरत राहतो.
आता पाण्याचं. अर्धं पाणी फळातून सुटतं, अर्धं धुतल्यावर अंगावर राहिलेलं असतं. द्राक्षं सकाळीच धुवा, सुती पंचावर एका थरात पसरा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा. देठाच्या खळग्यात थेंब अडकतो, तो बोटाने पुसा. स्ट्रॉबेरी हिरव्या टोपीसकट धुवा, पूर्ण कोरडी झाल्यावरच टोपी काढा. आधी टोपी काढून धुतली तर पाणी आत शिरतं आणि फळ लिबलिबीत होतं.
चीज आदल्या रात्री कापा. थंडगार असताना, पातळ सुरीने, दर दोन कापांनंतर सुरी पुसून. घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये ठेवा. उघडं राहिलं तर कडा सुकून पिवळ्या पडतात आणि ओवताना तडकतात.
पेरू दुपारी दोनला चिरा. साठही काड्या एकदम ओवू नका. साडेतीनला वीस, पाचला वीस, सहाच्या सुमाराला उरलेल्या. मधल्या वेळात फळं एका डब्यात, चीज दुसऱ्या डब्यात, दोन्ही फ्रिजमध्ये. दोघी बसल्या तर वीस काड्या पंधरा मिनिटांत होतात.
कुंद्याचं विचारलंत, तर तो रवाळ आणि मऊ असतो, काडीवर धरणार नाही. बशीत शेजारी चमचाभर द्या की, सासूबाईंचंही मन राहील.

चिकोडी_दूधवाला
वरच्या उत्तरात चीजचं राहिलंय ते सांगतो. या कामाला प्रोसेस्ड चीजच योग्य. ते बनवताना चीज वितळवून इमल्सिफायर क्षार घालतात, त्यामुळे स्निग्धांश धरून राहतो आणि खोलीच्या उबेत लवकर तेल सुटत नाही. साधं चेडार थोड्या वेळात घामाघूम होतं. पिझ्झाचं मोझरेला कच्चं खायला रबरट आणि बेचव. स्लाइस आणि स्प्रेडचा इथे उपयोग नाही.
पनीर चालतं, पण पाकीटबंदच आणा. कच्चंच द्यायचं आहे, तेव्हा सुटं पनीर नको. पाकिटातलं पाणी काढा, कोरड्या फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा आणि फ्रिजमध्येच अर्धा तास दाबा. न दाबता ओवलं तर पाणी सोडतं आणि काडीपाशी चिरतं. त्याला स्वतःची चव नाही, म्हणून तुकड्याच्या एका बाजूला भाजलेले तीळ आणि मिरपूड दाबून लावा. विकत मिळणारे भाजलेले तीळ घेतले की गॅस पेटवायला नको, आणि संक्रांतीच्या दिवसांत ते शोभतातही.
कडक शाकाहारी पाहुण्यांसाठी: चीज विरजायला रेनेट लागतं. काही परदेशी चीजमध्ये ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवी खूण असेल तर तसं रेनेट त्यात नसतं. चीज काढून पाकीट टाकू नका, कुणी विचारलं तर दाखवता येईल.

खानापूर_रानमेवा
अननसाला हरकत काय? गोड-आंबट असतो, घट्ट असतो, दिसायलाही छान. चीज-अननस ही जोडी तर नेहमीचीच आहे.

चिकोडी_दूधवाला
दादा, लगेच खायची असेल तर बिनधास्त. ताईंना ठेवायची आहे, तिथे अडचण येते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तुकडा चीजला चिकटून राहिला की तिथलं चीज मऊ पडतं आणि कडवट लागतं. पनीरवर हे आणखी लवकर होतं. किवीतही असंच विकर असतं. कच्च्या पपईत पपेन भरपूर असतं, पिकल्यावर कमी होतं, पण पिकलेली पपई काडीवर टिकण्याइतकी घट्ट नसते. डब्यातला अननस चालेल, कारण डबाबंद करताना तो तापवतात आणि विकर निकामी होतं. मात्र पाक निथळून तुकडे पुसून घ्यायला हवेत.

खानापूर_रानमेवा
हे पटलं. मग अननस वेगळ्या काडीवर, चीजशिवाय द्यावा.
हाच बेत मे महिन्यात कुणी केला तर आमच्याकडचा कापा फणस वापरून बघा. गरे कुरकुरीत असतात, रस गळत नाही, आठळी काढून गरा दुमडून ओवता येतो. बरका घेऊ नका, तो काडीवरून निसटतो. हापूस घालायचा तर थोडा घट्ट असतानाच, आणि कलिंगड या कामातून वगळाच.

निपाणी_पंगत
काड्या बांबूच्या, सहा इंची, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या घ्या. खडेबाजारात डिस्पोजेबल सामानाच्या दुकानात विचारा. जाड काडीने चीज फुटतं. तंदूरसाठी काड्या भिजवतात तशा इथे भिजवू नका, शेगडीवर जायच्या नाहीत आणि ओल चीजला लागते. नुसत्या धुऊन उन्हात वाळवा आणि हाताने चाचपून कूस निघालेल्या बाजूला काढा. चीजमध्ये काडी सरळ खुपसू नका, बोटांत फिरवत हळूहळू घाला. फ्रिजमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवलेलं चीज कमी तडकतं.
चाट मसाला, काळं मीठ, मध यातलं काहीही ओवताना लावायचं नाही. मीठ आणि साखर फळातलं पाणी ओढून काढतात. मीठ-तिखट वाटीत वेगळं ठेवा, पेरूला लावून ज्याचं तो खाईल.
सफरचंद घालायचंच असेल तर कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, त्यात फोडी दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्यातून काढून नीट पुसा. दोन-तीन तास रंग टिकतो. केळं मात्र नको, ते काळंही पडतं आणि मऊही.

मुक्ता_टिळकवाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. द्राक्षं-पेरू-स्ट्रॉबेरी नक्की केलं. दोनच शंका. मुलांत तीन-चार वर्षांची दोघं-तिघं आहेत. आणि बाहेर ताटात किती वेळ ठेवलं तर चालेल?

वडगाव_सुगरण
पाच वर्षांखालच्या मुलांना काडी देऊच नका. अख्खं द्राक्ष आणि चीजचा चौकोनी तुकडा, दोन्ही घशात अडकू शकतात. द्राक्षाचे उभे चार भाग, चीजच्या बारीक पातळ चकत्या, पेरू अगदी पातळ चिरून वाटीत, आणि खाताना बसवून ठेवा. मोठ्या मुलांच्या काड्यांचं टोक ओवून झाल्यावर कात्रीने कापा.
बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. परातीत बर्फ, त्यावर स्टीलचं ताट, ताटात काड्या एका थरात. बर्फाचं पाणी ताटात चढणार नाही एवढाच बर्फ घाला आणि वरून जाळी झाका.
जैन पाहुण्यांपैकी काहीजणी सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि त्या दिवसांत साडेसहाच्या आसपास मावळतं. त्यांना आधीच्या वेळेला बोलवा. काहीजणी बहुबीज फळंही टाळतात, तेव्हा पेरू-स्ट्रॉबेरी चालेल का हे आमंत्रण देतानाच विचारून ठेवा. नाही म्हणाल्या तर त्यांच्यासाठी आठ-दहा काड्या नुसत्या द्राक्ष आणि चीजच्या करा, त्यासाठी पावकिलो द्राक्षं जास्त आणा.