मदत हवी आहे: भिंतभर फळ्या लावल्या, पण मांजरी पलंगाखालून बाहेर येत नाहीत

उंबरठा
जरा लवकर सांगा. दोन रेस्क्यू मांजरी घरी आणल्या आहेत. त्यांना घर आवडावं म्हणून हॉलच्या भिंतीवर पाच फळ्या ठोकून घेतल्या, नखं घासायचा खांब आणला, बोगदा, पिसांची काडी, चेंडू, सगळं आणलं. एकीनेही फळीवर पाय ठेवलेला नाही. एक दिवसभर पलंगाखाली, दुसरी वॉशिंग मशीनमागे. रात्री मात्र सोफ्याची कड फाडून ठेवतात. फळ्या काढून दुसरं काही बसवू का? उद्या सकाळी सुतार येतोय.

मध्यरात्र
आणून किती दिवस झाले? वय काय? आधी रस्त्यावर होत्या की कुणाच्या घरात? एकमेकींना आधीपासून ओळखतात का?

रानजाई
लेझर लाईट घ्या. आमचा बोका पहिल्याच दिवशी त्याच्यामागे पळत बाहेर आला. पाच मिनिटांत भीती जाते.

तीनमांजरवाली
लेझर नको हो. ठिपका कधीच पंजात सापडत नाही, शिकार पूर्ण होत नाही आणि काही मांजरं मग भिंतीवरच्या प्रत्येक कवडशामागे धावत सुटतात. शिवाय घाबरलेल्या मांजराला खेळ नको असतो, लपायला जागा हवी असते.

रानजाई
सहा वर्षं वापरतेय, काही झालेलं नाही.

निळीशाई
दूध देऊ नका बरं का. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. स्वच्छ पाणी ठेवा, तेही जेवणाच्या ताटलीपासून लांब.

उंबरठा
दूध देतच नाही. वय दीड-दोन वर्षं असावं असं डॉक्टर म्हणाले. आणून नऊ दिवस झाले. वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. पण माझा प्रश्न फळ्यांबद्दल आहे.

सुताराचीलेक
मग फळ्यांबद्दल सांगा ना. रुंदी किती, दोन फळ्यांत अंतर किती, वर काय लावलंय, शेवटची फळी कुठे संपते?

उंबरठा
सहा इंच रुंद. पांढरी गुळगुळीत सनमायका, पुसायला सोपी म्हणून. जिन्यासारख्या चढत जातात, शेवटची कोपऱ्यात छताजवळ.

सुताराचीलेक
इथेच घोळ आहे. सहा इंचांवर मांजराला नीट वळताही येत नाही. चालायला दहा इंच, बसायच्या फळीला बारा तरी हवेत. सनमायकावर पंजा घसरतो आणि एकदा घसरलेलं मांजर पुन्हा त्या वाटेला लवकर जात नाही. गालिच्याचा तुकडा पक्का चिकटवा. दोन फळ्यांत बारा ते पंधरा इंच अंतर पुरे. त्यांना उडी जास्त मारता येते, पण घाबरलेलं मांजर जपून चढतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोपऱ्यात वाट बंद होते. खाली दुसरी मांजर उभी राहिली तर वरची अडकली. मांजर वर जाण्याआधी उतरायची वाट बघतं. कोपऱ्यातून पुढे कपाटावर आणि तिथून खाली, अशी दुसरी वाट काढा. ब्रॅकेट भिंतीत खोल रोवलेत ना? उडीचा धक्का वजनापेक्षा बराच जास्त असतो.

मध्यरात्र
फळ्या बरोबर केल्या तरी नऊच दिवस झालेत, आणि दोघी एकमेकींना अनोळखी. सुरुवातीला दोन खोल्यांत ठेवायला हव्या होत्या. अजूनही ठेवा. एकीचं अंथरूण दुसरीच्या खोलीत टाका, आधी वासाची ओळख होऊ दे, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण. प्रत्येक खोलीत खोक्याला दोन भोकं पाडून ठेवा. पलंगाखालून ओढून काढू नका. लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा डबा, किती आणि कुठे?

उंबरठा
एकच, वॉशिंग मशीनशेजारी. दुसरी तिथेच असते म्हणून तिथे ठेवला.

तीनमांजरवाली
तो आजच हलवा! मशीन गरगरायला लागलं की ती तिथे बसायची बंद होईल. दोन मांजरांना तीन बॉक्स, वेगवेगळ्या जागी. मांजर बॉक्समध्ये जाऊन कुंथतंय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर थांबू नका, तडक डॉक्टर. बोक्यांत जास्त होतं, पण मांजरीकडेही लक्ष असू द्या.

सोफ्याचं म्हणाल तर खांब किती उंच आहे? पूर्ण ताणून उभं राहता यावं, म्हणजे तीन फूट तरी, आणि हलता कामा नये. घायपाताच्या दोरीचा असेल तर उत्तम. फाटतोय त्या कडेलाच लागून ठेवा. ओरखडून त्या आपला वास सोडतात, खोड्या करत नाहीत.

निळीशाई
अवांतर: घरात फुलदाणीत लिली असेल तर आधी बाहेर काढा. परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

रानजाई
आमच्याकडे लिलीची कुंडी आहे, काही होत नाही.

निळीशाई
तुमची पीस लिली असेल. ती खरी लिली नव्हे, तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंडं जात नाहीत. खरी लिली जीवघेणी आहे. कृपया नाव तपासून घ्या.

मध्यरात्र
आणि खिडक्यांना जाळी आहे का?

उंबरठा
हॉलच्या खिडकीला आहे, बाकीच्यांना आता लावून घेते. लिली नाही. सुताराला सांगून तीन फळ्या रुंद करून घेतल्या, गालिचा चिकटवला, कपाटापर्यंत वाट काढली. खांब सोफ्याला टेकवला. दोघींना वेगळ्या खोल्या दिल्या.

उंबरठा
बारा दिवसांनी लिहितेय. जेवण आता दार किलकिलं ठेवून होतं. काल संध्याकाळी पलंगाखालची पहिल्यांदा कपाटावर जाऊन बसली, तासभर खिडकीतून पाखरं बघत होती. मी श्वास रोखून दारात उभी. आज मात्र मशीनवाली खाली बसून तिच्याकडे टक लावून बघतेय. मध्ये पडू का?

मध्यरात्र
कान कसे आहेत? शेपटी? वरची तिच्याकडे बघतेय की दुसरीकडे?